ताईसाठी मोकळी केलेली खोली

माझी थोरली बहीण आठ महिने माझ्याकडे मलकापुरात राहिली. तिचं लग्न झालं तेव्हा मी आठवीत होतो. त्यानंतर आम्ही एका घरात असे कधी राहिलोच नव्हतो. बायको गेल्यापासून मी एकटा, आणि ताई मेहकरकडच्या खेड्यात एकटी. तिला दम लागायचा. उभा जन्म तिनं पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, चुलीवर रांधलं होतं. मी तिला दवाखान्यासाठी घेऊन आलो आणि माझ्या घरात तिचा दम उलट वाढला.

डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "घरात काय काय जाळता?"

मी सांगत गेलो. देवापुढे धूप, दोन वेळा उदबत्ती, डासांसाठी कॉईल.

"ओल?"

ओल होती. ताईच्या पलंगामागच्या भिंतीत न्हाणीघराचा पाइप गळत होता. रंग फुगला होता आणि मी त्यावर कॅलेंडर टांगून मोकळा झालो होतो.

मग सगळं घर साफ करायला काढलं. धूप बंद, कॉईलच्या जागी मच्छरदाणी. पाइप बदलला, भिंतीचं प्लास्टर फोडून नवं केलं. ते वाळेपर्यंत ताई माझ्या खोलीत झोपली आणि मी बैठकीत. हायवेची धूळ येते म्हणून मागची खिडकीसुद्धा बायको असताना आम्ही खिळे ठोकून बंद केली होती. तिचे खिळे काढले. स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा बसवला. झाडूनं धूळ उडते, म्हणून रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसू लागलो. ताई पलंगावरून पाहायची आणि हसायची.

"बाबू, लहानपणी तू पाण्याचा गिलास उचलत नव्हता बे!"

राहिली ती ताईच्या पलंगाखालची पेटी. तिच्यात बायकोच्या साड्या होत्या. डांबरगोळ्यांचा उग्र वास यायचा. चार वर्षांत मी ती उघडली नव्हती. ताईला ते न सांगता कळलं होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "मले काही होत नाही त्यानं." एवढं बोलतानाही ती दोनदा थांबली.

मी पेटी गच्चीवर नेली आणि साड्या दोरीवर टाकल्या. ताई जिन्यात पदर नाकाला लावून उभी होती. म्हणाली, "ते हिरवं लुगडं म्याच नेसवलं होतं तिले, तुह्या लग्नात." मला तिच्याकडे बघवेना. मी उगाच चिमटे लावत राहिलो. दिवसभराच्या उन्हानंतर घड्या घालून साड्या माझ्या कपाटात ठेवल्या, गोळ्यांशिवाय.

दोन महिन्यांत फरक पडला. ताई जिना न थांबता चढू लागली. भाजीवालीशी भांडू लागली. आणि बोलू लागली. आधी तीन शब्दांवर तिचा आवाज तुटायचा. आता दुपारचा चहा घेऊन बसली की ती आईच्या गोष्टी सांगायची. आई गेली तेव्हा मी फार लहान होतो. मला तिचा चेहरासुद्धा फोटोतलाच आठवतो. आई चिडली की कशी गप्प व्हायची, भाकर थापताना काय गुणगुणायची, हे मी साठी उलटल्यावर पहिल्यांदा ऐकलं. चहा निवून जायचा.

मग भाचीचं, ताईच्या मुलीचं, बाळंतपण आलं. ती नाशिकला असते.

"जाशील?" मी विचारलं.

"आता जमते मले," ताई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी लगेच तिकीट काढून आणलं.

तिला मुलगी सोडत नाही, नातू तर नाहीच. ती बरी आहे. याचसाठी तर सगळा खटाटोप केला होता. तरी मी अजून तिच्या खोलीची फरशी आधी पुसतो, आणि पुसून झाल्यावर जरा वेळ तिथेच बसतो.

रविवारी फोन करतो.

"पंप घेऊन राह्यली ना?"

"हाव रे. तू जेवला?"

जायच्या आदल्या दिवशी तिनं एक गोष्ट सुरू केली होती. आई मला कडेवर घेऊन लोणारच्या बाजाराला पायी निघाली होती, आणि वाटेत पाऊस लागला. तेवढ्यात भाचीचा फोन आला आणि गोष्ट राहिली. पुढे काय झालं, हे मी दर रविवारी विचारायचं ठरवतो. पण तिकडे बाळ रडू लागतं आणि ताई घाईनं म्हणते, "ठेवतो बाबू, मंग बोलू."