चांगुणाबाईच्या हाताचा गुण

चांगुणाबाईच्या हाताला गुण आहे, असं कामोठ्यात ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. आणि ते ऐकायला तिला आवडायचं, खोटं कशाला बोला!

झालं असं, की ऐंशी सालच्या उन्हाळ्यात तिचा नवरा देवजी मिठागरावर मीठ ओढता ओढता मटकन बसला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. अंगावरून वारं गेलं म्हटल्यावर चांगुणाबाईने रीतीप्रमाणे पारवा मारला आणि त्याचं ऊन ऊन रक्त हाताला चोळलं. अर्ध्या तासात देवजी त्याच हाताने बशी धरून चहा पीत होता. डॉक्टरचं नावही कोणी काढलं नाही. पुढे शेजारचा गंगारामही असाच तिच्या हातून उठला.

वर्षभराने देवजीचं पुन्हा तेच. या खेपेला दोन पारवे लागले आणि पाय जरा फरफटतच राहिला. "वय झालं," ती म्हणाली. वयाच्या माथी मारलं की पुढचा विचार करावा लागत नाही.

तिसऱ्या वेळी पाच पारवे गेले, दोन दिवस गेले, तेव्हा कुठे देवजीला पनवेलच्या दवाखान्यात नेला.

डॉक्टर म्हणाले, "बाई, मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकते. पहिली बारीक होती, आपोआप विरघळली. दुसरी थोडं नुकसान करून गेली. ही मोठी, मेंदूचा तेवढा भाग मेला. पहिल्याच वेळी आणलं असतं तर औषध चालू केलं असतं. कदाचित हे टळलं असतं."

"आपोआप?" एवढंच चांगुणाबाईने विचारलं.

देवजी घरी आला तो खाटेवरच पडून राहिला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. समजत मात्र सगळं होतं, तेच वाईट. त्याच्या नजरेला नजर द्यायचं तिचं धाडस होईना.

महिन्याभराने गंगारामची बायको गोजरा धावत आली. "काकी, यांचा हात परत लुला परला! चल, लवकर चोल!"

"पारवा नको गो, गोजरे. त्याला पनवेलला ने, आताच्या आता. मी माज्या मानसाचा घात केलाय."

गोजरा बघतच राहिली. "मागं यांना तूच उठवलंस. आता तुजा परून हाय, म्हनून माजा उठाया नको, असंच ना?"

ती तरातरा निघाली, पारवा धरायला. चांगुणाबाई ओरडत मागे धावली, तिच्या पदराला झोंबली. आळीतल्या बायांनी चांगुणाबाईलाच धरून घरी आणून बसवलं. नवऱ्याच्या दुखण्याने बिचारीचं डोकं फिरलं, असं सगळ्यांनी ठरवलं.