शालनची बोलणारी बाई

ईशान, मीरा, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, लॅपटॉपवर ऑफिसची नवी आवृत्ती घालून दिली होती, त्यातलं नेमकं काय उपयोगी पडलं? वर्गणी पुढे चालू ठेवायची का?" मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला. उत्तर एका वाक्यात बसणारं नव्हतं. शिवाय तो लॅपटॉप आता माझ्याकडे नाही. तो शालनकडे आहे. तुम्ही वर्गणी बंद करण्याआधी शालन कोण ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून आजच लिहायला बसले.

सांगलीला आमच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते आणि शालन खेळ शिकवायची. पंधरा ऑगस्टला शिपाई तिच्यापुढे माइक आणून ठेवी, ती तो हातानं बाजूला सारी. "ह्येला काय करायचंय? माजं मी बगते." मग तिनं 'सावधान' म्हटलं की मैदानावरच्या मुलीच काय, कुंपणापलीकडचा सायकलवालासुद्धा एक पाय टेकून उभा राही. नव्या मुली पुटपुटत आकडे मोजू लागल्या की ती म्हणे, "पोटातनं आवाज काडा गं. गळा नुसती वाट हाय."

ती कऱ्हाडजवळच्या मलकापूरची. वडील फौजेत होते. इतकी वर्षं सांगलीत काढून, पदवी घेऊनही तिच्या तोंडून 'हाय'चं 'आहे' कधी झालं नाही. तपासणीला साहेब यायचे होते तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शालन, निदान पाहुण्यांसमोर तरी शुद्ध बोल." ती म्हणाली, "बाई, पावन्यांस्नी कळंल न्हवं? मग झालं की." पाहुण्यांना कळलं. जाताना ते तिच्याशीच सर्वांत जास्त वेळ बोलत उभे होते.

निवृत्त झाल्यानंतर तिचा आवाज बसू लागला. हळद, ज्येष्ठमध, वाफारे, सगळं करून झालं आणि शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी कॅन्सर आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल असं सांगितलं. आईला तिनं काही कळू दिलं नाही. आईची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती, वयानं उमजही थोडी कमी झाली होती. उगाच घोर नको, बरी झाले की जाऊन सांगेन, असा तिचा हिशेब. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घोगऱ्या आवाजात तिनं आईला मलकापूरला फोन केला आणि "जेवलीस न्हवं?" एवढंच विचारलं.

ऑपरेशन चांगलं झालं. श्वास गळ्यावरच्या छिद्रातून चालू लागला. एकदा मी भेटायला गेले तेव्हा तिनं खुंटीवरची शिट्टी काढून ओठांत धरली आणि जोर लावला. हवा तोंडापर्यंत आलीच नाही. गळ्यावरचा पांढरा कपडा तेवढा फडफडला. तिनं शिट्टी माझ्या हातात दिली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. पुढे बोलता यावं म्हणून गळ्यात झडप बसवून पाहिली, तिथं जखम चिघळली. गळ्याला लावून बोलायचं यंत्रही आणलं. त्याचा घरघराट ऐकून तिनंच ते कपाटात टाकलं.

त्याच सुमारास तुम्ही नवी आवृत्ती घातलीत. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, मी एकेक सोय क्रमानं तपासली. लिहिलेलं आपोआप साठवलं जातं, हे फार चांगलं. जुनी प्रत मागे जाऊन पाहता येते, तेही चांगलं. पत्रांना नक्षी सुचवणारं काही होतं, ते मी बंद केलं. मग 'मोठ्याने वाचा' सापडलं, आणि ते मराठीही वाचत होतं. एका बाईचा स्वच्छ, ठाम, बातम्या दिल्यासारखा आवाज. मी शालनला बोलावून घेतलं. तिनं एका बोटानं टाइप केलं, "चा टाका बाई, लय येळ झाला." त्या बाईनं ते इतक्या सभ्यपणे वाचलं की शालनचे खांदे गदगदा हलू लागले. हसण्याचाही आवाज नव्हता. मग तिनं लिहिलं, "ही तर पुन्याची दिसती." आणि लगेच खाली, "आईकडं जाऊ. आता बोलता येतंय."

रविवारी आम्ही मलकापूरला गेलो. आई सोप्यात बाजेवर बसली होती. शालननं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बटण दाबलं. "आये, मी शालन हाय."

आईनं मान वर केली. "कोन बोलतंय? रेडिओ लावलाय का रं आप्पा?"

आप्पा म्हणजे शालनचा भाऊ. तो म्हणाला, "आये, शालनच हाय ही. आजारी हुती. यंत्रातनं बोलतीया."

"मला खुळी करताय व्हय सगळी मिळून? माज्या पोरीचा आवाज मला कळत न्हाई?"

शालननं आईचा हात आपल्या तोंडावरून फिरवला. पण आजारानं तिचं निम्मं अंग उतरलं होतं. भरलेले गाल नव्हते, केस गेले होते. आईची बोटं गळ्यावरच्या कपड्याला लागली आणि तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "ही माजी न्हवं. माजी शाली भरल्या अंगाची हाय."

शालन पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत राहिली. आये, मी शालन हाय. आये, मी शालन हाय. ती कासावीस होऊन दाबत होती आणि तो आवाज दर वेळी तितकाच शांत. मी वेग कमी करून पाहिला. आई म्हणाली, "ही बाई दमली जनू, पानी द्या तिला." आप्पाला हसू आलं. शालननं त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून बाहेरच गेला.

त्यानंतर आम्ही दर रविवारी जात होतो. शालन घरातल्या जुन्या आठवणी लिहून न्यायची, फक्त तिला आणि आईला माहीत असलेल्या. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "शालीनं सांगितलं असंल तुमास्नी." एकदा मात्र आई आपण होऊन त्या आवाजाशी बोलू लागली.

"बाई, तुमी शिकलेल्या दिसताय. माज्या लेकीला वळखता न्हवं?"

शालनची बोटं जागच्या जागी थांबली.

"ती येत न्हाई आता. मला ठावं हाय का ते. लगीन केलं न्हाई म्हनून म्या लय बोलले तिला. मला लेकच न्हाई म्हनाले, चार मानसांत. तवा ती गप बसली. आता म्हातारपनी राग काडती व्हय माजा?"

शालननं घाईघाईनं लिहिलं, "आये मी हितंच हाय, तुज्याम्होरं."

"चेष्टा करू नका, बाई," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

त्या दिवसापासून आईनं अन्न सोडलं. शालीचा आवाज कानावर पडल्याशिवाय घास घेणार नाही, असं तिनं आप्पाला सांगितलं. डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून गेले. आप्पाचा फोन आला तसे आम्ही तातडीनं निघालो. गाडीत शालन लॅपटॉप उघडून कोऱ्या पानाकडे बघत होती. पेठनाका गेला, कासेगाव गेलं, पान तसंच कोरं होतं.

घरी पोचल्यावर ती बाजेजवळ खाली बसली. मी पडद्याकडे पाहत होते. त्या बाईच्या तोंडी तिनं पहिल्यांदाच 'हाय' सोडून 'आहे' लिहिलं. मग बटण दाबलं.

"आजी, मी शालनची मैत्रीण आहे. तिनं निरोप दिला आहे. ती तुमच्यावर रागावलेली नाही. कधीच रागावली नव्हती. तिला दूर जावं लागलं आहे. आईनं जेवावं, असं तिनं मला बजावून सांगितलं आहे."

आईनं आवाजाकडे कान केला. मग म्हणाली, "बजावून म्हनाली? मग तीच. ती अशीच दटावती." आणि तिनं हात पुढे केला. शालनच्या वहिनीनं दुधात भाकरी कुस्करून आणली. पहिला घास शालननं भरवला. आई चावता चावता म्हणाली, "तुमाला तरास, बाई."

पुढचे रविवार तसेच गेले. आई निरोप सांगायची, शालन "सांगते" लिहायची, आणि ती बाई "सांगते" म्हणायची. शालनला लहानपणी ताप आला तेव्हा कसं काळजाचं पाणी झालं होतं, वडिलांच्या मनात नसताना तिला कॉलेजात कसं घातलं, तिची हाक आली की रानातली सगळी माणसं कशी माना वळवायची. यातलं काहीच आईनं शालनला कधी सांगितलं नव्हतं. शालन पदरानं डोळे पुसायची आणि पुन्हा लिहायची, "सांगते."

आईचा तो शेवटचा रविवार असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. आई त्या आवाजाच्या दिशेनं म्हणाली, "लेकीपरीस तुमीच बऱ्या. ती न्हाई आली. तुमी येत ऱ्हायला." शालननं काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी बाईनं एवढंच वाचलं, "येईल ती." आई म्हणाली, "व्हय, यील." त्याच आठवड्यात ती गेली.

शालन आता साताऱ्याला भाचीकडे राहते. लॅपटॉप मी तिलाच देऊन टाकला. परवा मी तिच्याकडे गेले तेव्हा आणखी एक नवी आवृत्ती आली होती आणि ती दुसरा आवाज निवडायला सुचवत होती, जास्त गोड, जास्त माणसासारखा. मी ऐकवून दाखवला. तिनं मान हलवली आणि लिहिलं, "नगं. ही आईच्या वळकीची हाय."

तेव्हा वर्गणी चालू ठेवा. आई गेली, शालनचा आवाज गेला. आई ज्या बाईशी बोलत होती, तिचा आवाज अजून आहे.