जावई, व्याही आणि एकशेआठ

"थांबा, पहिले जवाईले सांगनं पडस!"

म्हैस व्याली, बोअरला पाणी लागलं, घरात नवा कुलर आला, काहीही होवो, आमच्या समोरच्या घरातले नाना बंडीच्या खिशातून फोन काढायचे, हात लांब करून त्याच्याकडे डोळे बारीक करून बघायचे आणि हे वाक्य म्हणायचे. आमचं गाव चोपड्याजवळ, जावई साक्रीचे. नानांचा आवाज असा, की फोन नसता तरी साक्रीला ऐकू गेला असता.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या जावयाचं? अहो, नानांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा ही बातमी जावईबुवांना दुसऱ्याच कुणाकडून कळली. झालं! स्वारी रुसली. मांडे घेऊन नाना दोनदा साक्रीला गेले, तेव्हा कुठे तोंड उघडलं, तेही मांडे खायला. तेव्हापासून नानांनी क्रमच लावून घेतला होता. आधी जावई, मग व्याही, मग अक्कांचे भाऊ. अक्का म्हणजे नानांच्या बायको. ह्या क्रमात त्यांचा नंबर कुठेच नव्हता, हे त्या स्वतःच सांगायच्या.

मी गावातली आशाताई, आरोग्य केंद्राची. घरोघरी फिरून घसा फोडणं हे माझं काम. एकदा मंदिरासमोर बायाबापड्यांना बसवून मी सांगत होते, "अँब्युलन्ससाठी एकशेआठ लावा. पैसे लागत नाहीत. गाव सांगा, जवळची खूण सांगा, पेशंटला काय होतंय ते सांगा. ते म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. आणि एकाला फाट्यावर उभं करा, म्हणजे गाडी चुकत नाही."

पहिल्या रांगेतून नानांनी हात वर केला. "ताई, फोन उचलस ती पोर कोणता गावनी शे?"

"नाना, सोयरीक करायची आहे का तिच्याशी?"

"आसं कसं? मानूसले गाव इचारानं नही, जेवनं का इचारानं नही, अन् डायरेक्ट काम सांगानं? बरं दिसस का ते?"

मी कपाळाला हात लावला. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, सगळ्यात जास्त अक्का.

आणि त्याच अक्का त्या उन्हाळ्यात कुरडया वाळत घालता घालता खाली बसल्या. मला कळलं ते नानांच्या आवाजानं. "हा जवाईबुवा, राम राम! जेवन व्हयनं का? काही नही, तुमनी सासूले घाम फुटी राह्यना..."

मी हातातलं टाकून पळाले. अक्का खांबाला टेकलेल्या, चेहरा पांढरा, हात छातीवर. नाना शेजारीच उभे, फोन कानाला.

"नाना, एकशेआठला लावला का?"

"लावस ना ताई. आते फक्त व्याही अन् हिना भाऊ बाकी शेतस."

देवा रे देवा! मी त्यांच्या हातातून फोन ओढलाच. एकशेआठ दाबायला जावं, तर जावयाचा फोन. मी कापला. परत जावई! उचलला तर म्हणे, "कोणत्या दवाखान्यात न्यायचं ते मला विचारल्याशिवाय ठरवू नका."

तेव्हा खांबापाशी टेकलेल्या अक्का होता नव्हता तेवढा जोर करून ओरडल्या, "चुल्हामा घाला तो जवाई! माले दवाखानामा लई चाला!"

अखेर फोन लागला. मी गाव सांगितलं, केळीच्या वखारीजवळचा फाटा सांगितला, छातीत दुखतंय, घाम सुटलाय, सगळं सांगितलं. नाना मागून म्हणत होते, "ताई, तिले राम राम तरी सांगा." गाडी आली. अक्का वाचल्या.

दवाखान्यात डॉक्टर एवढंच बोलले, "वेळेत आणलंत, अजून थोडं थांबला असतात तर अवघड होतं." नाना बाकावर बसले. खिशात फोन वाजत होता, वाजतच होता. त्यांनी काढलासुद्धा नाही.

"ताई, मन्हं चुकनं," ते म्हणाले. "जवाई रुसी म्हनीसन मी तिले तसंच पडू दिधं." आणि एवढा मोठा माणूस धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडला. मला त्यांना बोलायचं होतं खूप, पण मी पाण्याचा पेला पुढे केला.

त्यानंतर माझं कामच कमी झालं. लग्नात, पारावर, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे माणूस सापडेल तिथे नाना धरायचे. "काही व्हयनं ते पहिले काय?" समोरच्याने "एकशेआठ" म्हटल्याशिवाय सुटका नाही. अक्कांकडून तर रोज चहाच्या वेळी पाठ म्हणवून घ्यायचे. गाव, खूण, दुखणं, फोन ठेवानं नही. अक्का वैतागायच्या, "मी वाचनू ते ह्यासना परीक्षासाठी का?"

जावई अर्थात रुसले. चुलीत घालण्याचं बोलणं त्यांनी फोनवर ऐकलं होतं ना! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक आली, जावई आले नाहीत. मी म्हटलं, "नाना, मांडे घेऊन जा." तर म्हणाले, "रुसू द्या. रुसेल जवाई परत येस, ताई. गयेल बाई येस का?" दिवाळीला जावई आपले आपण आले. नानांनी त्यांच्याकडूनही पाठ म्हणवून घेतला.

गेल्या पोळ्याच्या सुमारास सकाळी नाना ओट्यावर कोसळले. मी पोचले तेव्हा अक्का फोनवर होत्या. गाव, वखारीजवळचा फाटा, श्वास लागलाय, एक शब्द इकडचा तिकडे नाही. फाट्यावर माणूसही पाठवलेला. गाडी लगेच आली. डॉक्टरांनी शर्थ केली. नाना नाही राहिले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अक्का नानांचा फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, मी कळवू का सगळ्यांना?"

"नही," त्या म्हणाल्या. "पहिले जवाईले सांगनं पडस."

त्यांनी हात लांब करून फोन पाहिला, लावला. "जवाईबुवा, राम राम. जेवन व्हयनं का?" एवढं बोलल्या आणि फोन माझ्यापुढे धरला. मी फोन घेतला, सांगितलं. मग जावईबुवांचा आवाज आला, रडका.

"ताई, अक्कांनी पहिले एकशेआठलाच लावला होता ना?"

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांना ते ऐकू गेलं होतं. त्यांनी जोरजोरात होकारार्थी मान हलवली.