मूल नको म्हणालं तर

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मी वनस्पतिशास्त्र शिकलेली होते आणि त्याआधी करमाळ्याला एका रोपवाटिकेत काम करत होते. सासरचं घर व्यापारी, आपसात कन्नड बोलणारं. वर आम्ही राहायचो, खाली सासऱ्यांची बालवाडी. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. शाळेला शिकलेली मुख्याध्यापिका हवी, म्हणून अप्पांनी बालशिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गाला माझा प्रवेश घेतला आणि जेवताना ते सांगितलं. सगळ्यांना आनंद झाला. मी भाकरी वाढत होते.

संशोधन शिकवणाऱ्या मॅडमनी आधी नुसतं बघायला शिकवलं. मुलं आपल्याला विसरेपर्यंत कोपऱ्यात बसायचं. ‘ती रुसली’ असं लिहायचं नाही, ‘ती भिंतीकडे तोंड करून बसली’ असं लिहायचं. मग परवानगीचा तास झाला. आईवडिलांचा होकार पुरत नाही, मुलालाही विचारावं लागतं. ते तोंडानं नको म्हणेलच असं नाही. पाठ फिरवेल, सारखं पाणी प्यायला जाईल, एकदम गप्प होईल. तो नकारच धरायचा. एकीनं विचारलं, मूल नको म्हणालं तर काय करायचं?

“थांबायचं,” मॅडम म्हणाल्या. “कारणसुद्धा विचारायचं नाही.”

बसमध्ये तेच डोक्यात फिरत राहिलं. माझ्यासाठी असं कुणी कधी थांबलं होतं का, ते आठवत बसले.

प्रबंधासाठी मी विषय घेतला होता, खेळताना मुलं कोणकोणत्या भाषांत बोलतात. शाळा घरातलीच, त्यामुळे दुसरीकडे जायचा प्रश्नच अप्पांनी ठेवला नाही. विणकरांच्या घरातली एक चार वर्षांची मुलगी खेळताना तेलुगूत अखंड बोलायची. तिच्याजवळ बसून मी मोबाईलवर आवाज घ्यायला लागले, तर तिनं मोबाईलवर तळहात ठेवला. “वद्दु,” म्हणाली. नको. मी तो बंद केला आणि उठले.

अप्पांनी ऑफिसच्या काचेतून हे पाहिलं. त्यांनी शिक्षिकेला पाठवलं. मी नको नको म्हणत असताना ती मुलीला हाताला धरून माझ्यासमोर घेऊन आली. मुलगी हाताची घडी घालून बसली आणि शुद्ध मराठीत एकामागून एक बडबडगीतं म्हणायला लागली. दाराशी अप्पा कौतुकानं उभे होते. मला तिला थांब म्हणता येईना आणि ऐकवतही नव्हतं.

मॅडमनी माझी टिपणं वाचली. ही मुलं खेळत नाहीयेत, परीक्षा देतायत, असं त्या म्हणाल्या. मालकांच्या सुनेला नको म्हणायची कुणाची हिंमत होणार? एका मुलीनं केली, तर तिचं काय झालं ते तुम्हीच लिहिलंय. दुसरी जागा बघा. वळसंगच्या अंगणवाडीतल्या सेविका त्यांच्या ओळखीच्या होत्या.

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, अप्पांशी बोल. अप्पा रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत, म्हणून तर त्यांच्याशी भांडता येत नाही. “आपली शाळा हाय की खाली,” ते म्हणाले. “वळसंगला कशाला जायचं, पोरी? लोक काय म्हणतील?” आणि त्यांनी चहा मागवला. मी स्वयंपाकघरात गेले, आधण ठेवलं. मग एकच पातेलं कितीतरी वेळ घासत राहिले. हा आपला नकारच आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पण ते बघणारं तिथं कुणी नव्हतं.

चहा दिला आणि सांगितलं, “अप्पा, वळसंगला जाता येणार नसेल तर मी हे शिक्षण सोडते.”

त्यांनी चहा बशीत ओतून संपवला. शेवटी तयार झाले, पण शाळेच्याच गाडीनं जायचं या अटीवर. गाडीवर दोन्ही बाजूंनी शाळेचं नाव. मी ती वळसंगच्या फाट्यावर उभी करायला लावायची आणि पुढं चालत जायची. अंगणवाडीत मला कुणी ओळखत नव्हतं. एका मुलानं पहिल्याच दिवशी मला पाठ दाखवली. “आज त्याचं मन न्हाय,” सेविका म्हणाल्या. मी वही मिटली. काम काही झालं नाही, तरी खूप दिवसांनी मला भूक लागली होती.

प्रबंध झाला, पदवी मिळाली. अप्पांनी पेढे वाटले आणि पाहुण्यांसमोर जाहीर केलं की जूनपासून मुख्याध्यापिका मी. सगळे माझ्याकडे बघत होते. मी वाकून पाया पडले. गेलं वर्षभर त्या खुर्चीत बसते आहे. पुण्यातल्या एका संशोधन प्रकल्पात जागा निघाली आहे, असं मॅडमनी मागच्या आठवड्यात कळवलं. घरी अजून सांगितलेलं नाही. मॅडमनाही उत्तर दिलेलं नाही.