खुराड्याला कुलूप

आमचे भावोजी चाव्या बनवतात. बसथांब्याजवळच्या जिन्याखाली त्यांची टपरी आहे. एक माणूस कसाबसा बसतो, दुसरा आत डोकावला तर पहिल्याचा जीव गुदमरतो. सगळा रस्ता त्यांना चावीवाले म्हणतो. अडकलेलं कपाट, हरवलेली चावी, गंजलेलं कुलूप, काहीही न्या, भावोजी तार आत घालतात, कान लावतात आणि बोलता बोलता उघडून देतात. दुसऱ्यांचं उघडायचं आणि स्वतःचं बंद करायचं, यात त्यांचा जन्म गेला. घराबाहेर पडले की कुलूप ओढून बघणार, चार पावलं जाऊन परत येणार, पुन्हा ओढणार. मी त्यांची मेहुणी, थट्टेचा हक्कच आहे मला. मी म्हणायची, "भावोजी, एक दिवस ते कुलूपच तुम्हाला हात जोडेल बघा, बाबा रे, पुरे कर म्हणून." ते हसायचे नाहीत. परत एकदा ओढायचे.

त्यांना नावं ठेवायला माझी जीभ मोकळी आहे, पण खरं सांगायचं तर त्यांच्या भीतीला कारण होतं. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, मागच्या अंगणात नळापाशी घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. भावोजी टपरीवर, मी धुलाईच्या दुकानात इस्त्रीला, शेजारीपाजारी कामावर. ती दुपारभर तिथेच पडून होती. दिवेलागणीला भावोजी घरी आले तेव्हा हाका मारून मारून तिचा आवाज बसला होता. तेव्हापासून ती घरात एकटी आहे म्हटलं की या माणसाला चैन पडत नाही.

ऑपरेशन झालं, टाके निघाले. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आता चालायचं, नाहीतर पाय कायमचा आखडेल. पण ताई उठेना. भिंतीकडे तोंड करून पडायची. भावोजी खाटेजवळ वॉकर आणून ठेवायचे, ही त्याच्यावर ओला टॉवेल वाळत घालायची. मी गोडीने सांगून पाहिलं, चिडून पाहिलं, एकदा तर रडले सुद्धा. हूं की चूं नाही. पालथ्या घड्यावर पाणी!

आणि मग आल्या कोंबड्या. शेजारचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलं. जाताना त्यांनी फळ्यांचं खुराडं आणि चार कोंबड्या ताईच्या मागच्या अंगणात आणून ठेवल्या. "चार दिवस सांभाळा हो," म्हणाले. ते चार दिवस अजून संपले नाहीत. मी म्हटलं, ही ब्याद कुणी सांगितली होती? पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी येऊन बघते तर ताई मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेली. आठवड्याभरात वॉकर घेऊन खुराड्यापर्यंत जायला लागली. कोंबड्यांना नावं दिली. एक मास्तरीण, कारण ती सगळ्यांवर ओरडायची. एक ठुमकी, एक काळी, एक तिखट. दाणे टाकायचे, पाणी बदलायचं, त्यांच्याशी भांडायचं. आमच्याशी बोलायला तोंड नव्हतं, कोंबड्यांना मात्र शिव्या घालायला आवाज एकदम खणखणीत! भावोजी खिडकीत उभे राहून बघायचे. डोळे पुसायचे आणि म्हणायचे, चुलीचा धूर गेला. घरात गॅस आहे.

म्हणून सांगते, ठुमकी मेली तेव्हा आमच्या घरात नुसती कोंबडी मेली नाही. पहाटे खुराड्याचं दार किलकिलं होतं आणि ठुमकी कोपऱ्यात पडली होती, मानेला चावा. ताई तिच्याकडे बघत उभी राहिली आणि आत जाऊन खाटेवर बसली. भिंतीकडे तोंड केलं नाही, पण बसली. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच आलं. कोंबड्या गेल्या तर ही पुन्हा आडवी होईल, आणि मग उठायची नाही.

त्या दिवशी टपरी बंद. भावोजींनी खुराड्याला जाड कोयंडा ठोकला, कडी बसवली आणि दुकानातलं सगळ्यात भारी पितळी कुलूप लावलं. चावी कमरेच्या जुडग्यात. मी म्हटलं, "अहो, कोंबड्या आहेत त्या, सोनं नाही."

"तुला नाही कळायचं," ते म्हणाले. "दार पक्कं असलं की येणारा हात चोळत परत जातो."

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी घराच्या मागच्या दारालाही आतून कुलूप घातलं. आपण टपरीवर असताना ताईने एकटीने अंगणात जायचं नाही. पुन्हा पडली तर? खुराड्यात शिरणारा अंगावर आला तर? सकाळी ते घरी असताना दाणे टाकायचे, संध्याकाळी ते आले की पुन्हा. मधला दिवसभर ताईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोंबड्या बघायच्या. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप होतंच. माझं डोकं फिरलं. मी भांडले. "ताई काय कपाटातली साडी आहे का, घडी घालून ठेवायला?" त्यांनी जुडगं कमरेला नीट खोचलं, बस्स. आणि ताई? तिने वॉकरवर पुन्हा ओला टॉवेल वाळत घातला. मला त्या टॉवेलाचीच धास्ती वाटली.

पाच-सहा दिवसांनी काळी गेली. तसाच मानेला चावा. आणि कुलूप जसंच्या तसं! भावोजी भिंग घेऊन कुलपासमोर उकिडवे बसले. "ओरखडा नाही," म्हणाले. "तार घातल्याची खूण नाही. म्हणजे कुणाकडे तरी जोडचावी आहे." आणि त्यांनी कोपऱ्यावरच्या दूधवाल्याचं नाव घेतलं. का, तर तो पहाटे येतो. म्हटलं, झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. दूधवाला जोडचावी करून येणार, कोंबडीच्या मानेला चावणार आणि कुलूप लावून जाणार!

मी पदर खोचला आणि खुराड्याभोवती रांगत फिरले. मागच्या फळीखाली माती उकरलेली होती, माझी मूठ जाईल एवढं भोक. पलीकडे कुंपणाच्या दगडांत मुंगसाची ये-जा मी आधीही पाहिली होती. "हे बघा तुमचं गिऱ्हाईक," मी ओरडले. "मुंगूस काय कडी वाजवून येतं?"

भावोजींचं तोंड एवढंसं झालं. जन्मभर दारंच बघितलेला माणूस तो, त्याला जमीन दिसलीच नाही. पण चूक कळल्यावर माणूस कामाला लागला, हे मान्य करायला हवं. बारीक घरांची जाळी आणली, खुराड्याभोवती चर खणला, जाळी वीतभर खाली गाडून बाहेरच्या बाजूला वळवली, वर दगड रचले. ताई खिडकीतून सूचना देत होती. मला वाटलं, सुटलो बाई.

कुलपं मात्र तशीच राहिली. खुराड्याचंही आणि मागच्या दाराचंही.

मग एका दुपारी मी दुकानात चादरींचा ढीग घेऊन बसले होते. फोन वाजला. ताई. आवाज असा, की मी इस्त्री आधी बाजूला केली.

"ते आत शिरतंय गं. छपराखालून. मला दिसतंय. मास्तरीण ओरडतेय. आणि दार बंद आहे."

छपराखाली वारा खेळायला चार बोटं जागा सोडली होती. खालून एवढा किल्ला बांधला आणि वर कुणी पाहिलंच नाही, मीही नाही. खुराड्याशेजारी बंबासाठी ठेवलेल्या सरपणाच्या ढिगावरून ते आरामात वर चढलं असणार. मग फोन पडल्याचा आवाज आला. मी हाका मारत राहिले. उत्तर नाही.

मी पायात चप्पल न घालता पळाले. टपरीवर पोचले तर भावोजी कुणाच्या तरी सुटकेसवर वाकलेले. मी एवढंच म्हणू शकले, "ताई." त्यांनी काय झालं ते विचारलंही नाही. सुटकेस तशीच टाकून निघाले. रस्त्यात मी धापा टाकत सांगत होते, मुंगूस, छप्पर, फोन पडला. ते ऐकतच नव्हते. तोंडाने एकच चालू होतं, "नळापाशी ओलं आहे. आज नळापाशी ओलं आहे."

"अहो, ती अंगणात जाईलच कशी? तुम्ही कोंडलंय ना तिला!" मी किंचाळले. माझ्या तोंडून ते निघालं आणि मलाच कसंतरी झालं.

पुढच्या दाराशी त्यांनी जुडगं काढलं. सगळ्या गावाची कुलपं उघडणारा माणूस, त्याला स्वतःच्या घराची चावी सापडेना. एक घातली, चुकीची. दुसरी घातली, ती जमिनीवर पडली. शेवटी मी त्यांच्या हातातून जुडगं घेतलं आणि दार उघडलं.

खाट रिकामी. वॉकर नाही. स्वयंपाकघरात फोन जमिनीवर पडलेला आणि त्याच्या बाजूला खलबत्त्याचा बत्ता. आणि मागचं दार! दार कुलपाच्या बाजूने उभं होतं, कुलूप मजबूत, कोयंडा मजबूत, आणि दुसऱ्या बाजूने ते चौकटीतून सुटून तिरपं लोंबत होतं. भावोजी जागीच थिजले. "कुणीतरी..." म्हणाले.

कुणीतरी नव्हे. बिजागऱ्यांच्या खिळी उपटून फरशीवर ठेवलेल्या होत्या. शेजारी भावोजींची जुनी हत्यारांची पेटी उघडी. प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकटचा सल्ला द्यायची भावोजींना सवय आहे, "कुलूप कितीही भारी घ्या, हुशार चोर बिजागरी बघतो." ताईने हे वाक्य जेवताना, झोपताना, आजारपणात इतकी वर्षं ऐकलं होतं.

बाहेर खुराड्याचं दारही तसंच, कुलपावर लटकलेलं, खाली पेटीतला स्क्रूड्रायव्हर. ताई पालथ्या बादलीवर बसली होती. साडीला चिखल, कोपर खरचटलेलं, केस सुटलेले. मांडीत मास्तरीण, शेपटीची पिसं गायब, पण डोळे वटारून आमच्याकडे बघणारी. तिखट पायाशी दाणे टिपत होती, जसं काही झालंच नाही.

"पळालं मेलं," ताई म्हणाली. "माझ्या पायांमधून गेलं. शेपटी तेवढी घेऊन गेलं हिची."

मी तिच्याशेजारी मातीत बसले. "अगं, खालची बिजागरी कशी काढलीस?"

"खाली बसून."

"आणि उठलीस कशी?"

"उठले. ओरडत होती ना ही. कशी उठले ते मला विचारू नकोस, पुन्हा सांगितलं तर जमायचं नाही."

भावोजी अजून दारातच. हातात जुडगं. मग एकदम पुढे आले, तिच्यासमोर मातीत गुडघे टेकले आणि तिचं कोपर बघायला लागले. "लागलं का? पडलीस का? कुठे लागलं?"

"पडले," ताई म्हणाली. "उंबऱ्याशी. एकदा."

ते तिचा खुबा चाचपायला लागले.

"अहो, पडले आणि उठलेही," ती म्हणाली. मग थोडा वेळ कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "मी पुन्हा पडेन. पडले तर पडेन. पण मला कोंडू नका हो. त्या दिवशी अंगणात पडले होते ना, त्याहून जास्त भीती मला आज त्या दाराशी वाटली."

भावोजी रडले. मोठ्याने, लहान मुलासारखे. मी उठून आत गेले आणि चहा टाकला, कारण दुसरं काय करणार? चहा आटला तरी मी गॅस बंद केला नाही, बाहेर जायला नको म्हणून.

संध्याकाळपर्यंत त्यांनी छपराखालच्या फटीला जाळी मारली, सरपणाचा ढीग हलवला, बिजागऱ्या बसवल्या. मागच्या दाराचं कुलूप काढलं. खुराड्याचंही काढलं, आणि त्या जागी खटक्याची कडी बसवली, मुंगसाला उघडणार नाही अशी, ताईला न वाकता हात पोचवता येईल एवढ्या उंचीवर. ती वॉकर धरून उभी राहिली आणि त्यांनी तिच्या हाताचं माप घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन आले तेव्हा ते टपरीवर निघत होते. पुढचं दार ओढून घेतलं. हात सवयीने कमरेला गेला, तिथेच थांबला. आतून ताईचा आवाज येत होता, मास्तरणीला फैलावर घेत होती. भावोजी चार पावलं गेले. मला माहीत होतं, परत येणार. आलेच. मी ओठ चावून उभी राहिले.

त्यांनी दाराला हात लावला नाही. खिडकीशी तोंड नेऊन म्हणाले, "येतो गं."

"या," ती आतून म्हणाली. "आणि येताना दाणे आणा."

ते गेले. कोपऱ्यापर्यंत तीनदा मागे वळून पाहिलं, पण गेले.