उके मॅडमचा रिकामा कंस

उके मॅडमना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. खुर्ची त्यांच्या पिशवीसाठी. यवतमाळहून एसटीनं नेरला यायच्या, स्टँडवरून जवळजवळ धावतच कॉलेजात, आणि तास सुरू झाला की फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत नुसत्या येरझारा. बघणाऱ्याचा जीव दमायचा! अकरावीला त्या आम्हाला गणित शिकवायच्या.

दहावीला गावात पहिली आलेली मी. पोरगी इंजिनीअर होणार, असं बाबा गावभर सांगून बसले होते. आणि पहिल्याच चाचणीत पंचवीसपैकी तीन! f(x) = x² − 3x, तर f(−2) काढा, एवढंच विचारलं होतं. मी −2² − 3 − 2 असं मांडून उत्तर काढलं उणे नऊ.

"काय व, घाई कायले झाली तुले?" मॅडमनी वही उचलली. एका जागी क्षणभर न थांबणारी बाई हे मला विचारत होती! "x पुस. तिथं रिकामा कंस मांड. आधी पाट मांडा लागते, मंग पाहुणा बसवा लागते. पाहुण्याले काय उभ्यानं जेवू घालतं?"

हे त्यांचं ठरलेलं. ( )² − 3( ) लिहिल्याशिवाय आकड्याला हात लावू द्यायच्या नाहीत. मध्येच ओरडायच्या, "f ऑफ तूर!" आणि अख्खा वर्ग हसत लिहायचा, (तूर)² − 3(तूर).

मला हसू येत नव्हतं. गणित सोडून भूगोल घ्यायला शनिवारपर्यंतच मुदत होती. घरी न सांगता मी अर्ज लिहिला. त्यावर मॅडमची सही लागणार होती. शनिवारी तास संपल्यावर त्यांना दारातच गाठलं. त्यांनी अर्ज वाचला आणि माझीच वही पुढे केली.

"f(a+1) काढ आधी. सही कुठी पळून नाही जात."

ऑफिसची खिडकी बंद व्हायची वेळ झालेली. भिंतीवर वही टेकवून मी लिहायला लागले. कंस मांडले. (a+1)² − 3(a+1). सोडवत गेले: a² − a − 2. मॅडमनी एक नजर टाकली, बरोबरची खूण केली आणि लगेच अर्जावर सही ठोकली.

"मॅडम, आलं ना मले!"

"आलं. म्हनूनच सही केली. नको असन तं खुशाल सोड पोरी. पन येत नाही म्हनून सोडू नको." पिशवी उचलून त्या गाडीसाठी निघूनही गेल्या.

इतका राग आला मला! सही दिली नसती, तर त्यांच्या नावानं खडे फोडत गणितात राहिले असते. गणित आलं नसतं, तर रडून भूगोल घेतला असता. आता कोणाच्या डोक्यावर खापर फोडू?

मी ऑफिसशी पोचले, तसा खिडकीतून कारकूनबाबूंनी अर्जासाठी हात पुढे केला. "दे न व पोरी, बंद करून राह्यलो."

"राहू द्या काका," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा काही माझं मी ठरवलं होतं. सही केलेला अर्ज घडी घालून मी गणिताच्या वहीत ठेवला.