गिरणीतला प्लग

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दारात गाडीला उटी लावली. उटी म्हणजे दुसरं काही नाही, चाक घरंगळू नये म्हणून त्याखाली सारायचा लाकडाचा तिरका तुकडा. बाभळीच्या दोन उट्या मीच तासल्या होत्या. मी पुढं मोटारीत ब्रेकवर पाय ठेवून बसायचो. ती मागं जायची, गुडघ्यावर हात देत वाकायची, ट्रेलरच्या दोन्ही चाकांखाली उटी सारायची आणि ओरडायची, "लागली!" मग मी उतरून हूक सोडवायचा. निघताना ह्याच्या उलट. हूक अडकवून मी आत बसायचं आणि ती "काढली!" म्हणेपर्यंत हलायचं नाही. हा नियम तिचा. कारण मोटार विजेची. चालू आहे का बंद, मागच्याला कळत नाही. "तुमी मुक्यानं मागं याल आन् माझी बोटं जातील," म्हणायची.

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला ती "लागली" म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली. मी उतरलो आणि हूक सोडवला.

मी शिकलोय चौथीपर्यंत. त्याच्या पुढचं सगळं लोखंडावर. निपाणीच्या अलीकडं हायवेला माझं शेड होतं. चाळीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या केल्या. संकेश्वरच्या बाजूला ट्रॅक्टरमागं डुलत जाणारी ट्रॉली दिसली की मी आजही आधी तिचा जोड बघतो, मग डायव्हरचं तोंड. हात थरथरायला लागले तसं शेड बंद केलं. पोरगा परदेशी गेला आणि जाताना त्याची विजेची मोटार आमच्या दारात लावून गेला. क्लच नाही, गेर नाही. मला आधी ती मोटार वाटलीच नाही, मिक्सर वाटला.

तिच्यामागं ओढायला मी एक घरगाडी केली. खाली हलकी चॅसी, वर पत्रा, आत एक कॉट, एक खिडकी, चहापुरती शेगडी आणि बायकोच्या गुडघ्यांसाठी संडासाची भोक पाडलेली खुर्ची. बायको त्याला खोपटं म्हणायची. पोरगा फोनवर ओरडला.

"आप्पा, कंपनी म्हणतीय, हिनं काय ओढायचं न्हाय."

"ओढायचं न्हाय तर एवढी ताकद कशाला घातलीया रं?"

"बॅटरी निम्म्यावर येईल!"

"येऊ दे की. आमाला कुठं दिल्लीला जायाचंय?"

पोराचं खरं निघालं. मोटार एकटी जेवढी धावायची त्याच्या निम्मीच खोपटं घेऊन धावायची. पहिल्यांदा मी छत उंच केलं होतं, उभं राहता यावं म्हणून. ते वारा अडवायचं. मग टीचभर कापून खाली घेतलं. पाण्याचा कॅन मागं ठेवला होता तर खोपटं शेपूट हलवायला लागलं. ट्रॉलीचंही तसंच असतं, वजन चाकाच्या जरा पुढं लागतं. कॅन पुढं घेतला, गप झालं. पोलिसांनी एकदा थांबवलं. साहेब आत डोकावला. बायको पुढच्या सीटवरूनच म्हणाली, "साहेब, च्या टाकू का?" साहेब हसला आणि जा म्हणाला.

लोकांना वाटायचं म्हातारा-म्हातारी हौशी आहेत. हौस नव्हती. ते खोपटं म्हणजे माझा ताठा होता, चाकावर बसवलेला.

बायकोचं माहेर जांबोटी. तिचा थोरला भाऊ, आण्णा, भाताची शेती करायचा. शिवाय घराला लागून भात कांडायची एक छोटी गिरणी होती. तीस वर्षांखाली त्यानं नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीला आम्हाला बोलावलं. पंगतीत मी बसलो होतो. आण्णा वाढायला आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजींना जपून वाढा रं, ठिणगी उडंल. वेल्डरला भण दिली, हातात ठिणग्याच आल्या." पंगत हसली. मी भरल्या ताटावरून उठलो. तेव्हापासून त्या घरचं पाणी घेतलं नाही. बायको एकटी एसटीनं जायची. बेळगावात गाडी बदलायची, फाट्यावर उतरून चालायची. मी कधी अडवलं नाही आणि कधी सोडायलाही गेलो नाही.

मग तिचे गुडघे गेले. आणि गेल्या पावसाळ्यात आण्णाचं अर्धं अंग लुळं पडलं. ती एसटीत चढू शकेना, तो अंथरुणातून उठू शकेना. तिनं मागितलं काय, तर एक रात्र. भावाजवळ बसते, दुसऱ्या दिवशी येते. मी म्हटलं, नेतो, पण त्याच्या घरात झोपायचं नाही आणि त्याचं जेवायचं नाही. खोपटं केलं ते एवढ्यासाठी. आमचं घर आमच्या मागं, आमची शेगडी, आमचं पाणी. आण्णाच्या रानाच्या कडेला उभं करीन, ती दिवसभर त्याच्याजवळ बसेल, मी खोपट्यात बसेन. एवढं सगळं डोक्यात जुळवलं. एकच गोष्ट आली नाही. चूल आपली नेता येते, पाणी आपलं नेता येतं. वीज कुठनं नेणार?

सकाळी सहाला निघालो. बॅटरी भरलेली, शंभर टक्के. तिनं रात्रीच भाकऱ्या बडवून घेतल्या होत्या. ती पुढच्या सीटवर बसून टक्के वाचायची. मी रस्ता बघायचा, तिनं आकडा. तवंदीचा घाट चढताना भराभर वाचत सुटली, "ब्याण्णव. एक्याण्णव. अवो, नव्वद." जशी घरात लहान पोराचा ताप वाचायची.

बेळगावला पोचलो तेव्हा पंचेचाळीस उरलेले. हायवेच्या कडेला एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगची जागा होती. तिथं खोपटं घेऊन उभं राहता येत नाही. वायर आखूड, आणि मागं सगळ्यांची वाट अडते. म्हणून लिंबाखाली खोपटं सोडवलं. तिनं उटी लावली आणि पाय पसरून कॉटवर पडली. मी मोटार घेऊन वायर लावायला गेलो. तिथला वॉचमन खोपट्याकडं बघत होता.

"अज्जा, आत काय हाय? जनावर?"

"बायको हाय."

"मग जपून ठेवा," म्हणाला आणि खो खो हसला.

टक्के सत्तरवर आले आणि करंट गेला. वॉचमननं कानडीत कुणाला तरी फोन लावला आणि हात हलवले. कधी येईल सांगता येत नाही. मी तासभर फेऱ्या मारल्या. मोटारीपासून खोपट्यापर्यंत, खोपट्यापासून मोटारीपर्यंत. मनात हिशेब फिरत होता. सत्तरावर घरी निपाणीला पोचता येतं. सत्तरावर जांबोटीलाही आरामात पोचता येतं, पण तिथनं परत घरी येता येत नाही, आणि परतीला तरी इथं करंट असेल ह्याचा भरवसा काय? तिथं रात्रभर कुणाच्या तरी प्लगला मोटार लावावी लागणार.

बायको खिडकीतून म्हणाली, "आण्णाच्या गिरणीत मोठा प्लग हाय. गिरणी बंदच पडलीया. सकाळपर्यंत भरंल की."

मी खोपट्याच्या चाकावर बुक्की मारून हवा बघितली.

"म्या मागीन. तुमी खोपट्यातनं उतरू बी नका."

आता ह्याच्यावर मी काय म्हणालो ते लिहितो, कारण लपवून मला झोप लागत नाही. मी म्हणालो, "गिरणीचा प्लग ह्या मोटारीला चालत न्हाय. बॅटरी जळंल." खोटं होतं. घरी आम्ही पाण्याच्या मोटारीच्या प्लगला रोज लावत होतो. तिच्याच हातानं कितीदा लावला होता. तिनं माझ्याकडं बघितलं.

"बरं," म्हणाली. "मग चला घरला."

"फुडल्या आठवड्यात जाऊ. करंट असंल त्या दिवशी."

"चला म्हटलं न्हवं?"

मी मोटार आणायला गेलो तेव्हा ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती. मी गेल्यावर फोन ठेवला. हूक अडकवला, बसलो, मागून आवाज आला, "काढली!" परतीला ती टक्के वाचेना. संकेश्वर गेलं तरी आकडा नाही. तवंदीच्या उतारावर मात्र बोलली. विजेच्या मोटारीचं एक आहे, उतारावर ती पैसा मागत नाही, उलट पदरात टाकते. "सोळाचं सतरा झालं बगा," म्हणाली. एवढंच. मी पाय ब्रेकवर ठेवून तसाच खाली आलो.

दारात तिनं उटी लावली. मी हूक सोडवला आणि मोटार घरच्या प्लगला लावली. ती म्हणाली, "घरात जायाचा कंटाळा आलाय. हितंच पडते जरा." खोपट्यात शिरली. मी घरात जाऊन बांधून नेलेली भाकरी सोडून खाल्ली. भूक लागली होती, खाल्ली. तिला चहाला हाक मारायला गेलो तर ती उठली नाही. जांबोटीच्या रानाच्या कडेला निजायचं म्हणून केलेल्या कॉटवर, आमच्याच दारात, उटी लावलेल्या खोपट्यात गेली.

सासरहून लेक आली. जांबोटीहून आण्णाचे दोन्ही पोरगे आले. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. माणसांना बसायला जागा होईना, कुणीतरी म्हणालं खोपटं बाजूला ढकलू. मी हात लावू दिला नाही. खोपट्याला टेकून उभा होतो तेव्हा आण्णाचा थोरला पोरगा जवळ आला.

"मामा, काल सांजच्यालाच आत्तीचा फोन आलता. म्हणाली, उद्या येतोय, गिरणीतला प्लग मोकळा ठिवा. आण्णानं अंथरुणातनंच सांगून दिव्याच्या उजेडात आमच्याकडनं पोती हलवून घेतली. आज पुन्यांदा फोन आला, म्हणाली गाडी बिगाडली. आण्णा लई हळहळला."

मी विचारलं, "आनि काय म्हणाली?"

"काय न्हाय. म्हणाली, मामांचा दोष न्हाय, गाडीच तसली हाय."

तो बोलला आणि लोकांत गेला. मला तिथं उभं राहवेना, बसवेना. घरातून दारात, दारातून घरात. लेक म्हणाली, "आप्पा, एका जागी बसा की जरा." एका जागी बसायला काय मला उटी लावलीय?

सकाळी उजाडल्या उजाडल्या मी मोटारीची वायर काढली. शंभर टक्के होते. लेक धावत आली.

"आप्पा, सुतकात कुठं निघालासा?"

"जांबोटीला."

"अवो, उद्या रक्षा सावडायची हाय! लोक काय म्हणतील?"

"सुतक मला हाय, गाडीला न्हाय. उद्या सावडायच्या आत येतो."

"मग ते खोपटं तरी ठेवा हितं."

"ते तिचं हाय. तेच न्यायचंय."

हूक अडकवला. आत बसलो, ब्रेकवर पाय ठेवला. आणि थांबलो. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. लेक काचेवर टकटक करून म्हणाली, "आप्पा, कशाची वाट बघताय?" तेव्हा कळलं, मी "काढली" ऐकायची वाट बघत होतो. खाली उतरून मागं गेलो. उटी एकाच चाकाखाली होती. दुसरी तिथंच मातीत पडलेली. दुसऱ्या बाजूला जाऊन वाकायला तिला जमलं नव्हतं. एक सारली होती आणि तेवढ्यावर "लागली" म्हणाली होती. मी दोन्ही उचलल्या आणि तिच्या सीटवर ठेवल्या.

बेळगावात चार्जिंगच्या जागेजवळ आलो तेव्हा करंट होता. दोन मोटारी लागलेल्या, तिसरी जागा रिकामी होती. वॉचमननं हात वर केला. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर परत यायची सोय झाली असती, आणि मला ती सोय नको होती. शहर मागं पडलं तसं झाडी वाढत गेली. टक्के वाचायला कुणी नव्हतं, मीच वाचले. जांबोटीत पोचलो तेव्हा एकवीस उरले होते.

आण्णा ओट्यावर खाटेवर होता. एक हात तेवढा हलत होता. मला बघून त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पुसायला लवकर जमेना. मग म्हणाला, "दाजी, गाडी दुरुस्त झाली?"

"बिगाडलीच नव्हती, आण्णा. मीच आणली न्हाय तिला."

 आतून सून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच थांबली, द्यावा का न द्यावा म्हणून. तिलाही तीस वर्षांचं माहीत होतं. मी हात पुढं केला, तांब्या घेतला, आणि उभ्यानंच सगळा प्यालो.

"आण्णा, गिरणीतला प्लग मिळंल का? उद्या सावडायला परत जायाचंय. तेवढं चार्ज न्हाय गाडीत."

"परवापासनं मोकळाच हाय," आण्णा म्हणाला.

मी खाली उतरलो. खोपट्याच्या दोन्ही चाकांना उटी लावली, हूक सोडवला, आणि वायर घेऊन गिरणीत शिरलो.